पिवळ्या रबरी चपला

९ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी दातांच्या दवाखान्यानं दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी दातांविषयी एक सल्ला छापलाय. किती गाउन आले, किती परत गेले, ते हिच्यात लिहा, असं तिथल्या नर्सनं सांगितलं होतं. ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीन. इतकी कोरी पानं गाउनांवर खर्च करायला जीव होत नाही.

आजपासून माझं काम सुरू. दवाखान्याचे हिरवे गाउन, टॉवेल, खुर्चीवर टाकायची कापडं धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं असं काही. बंद पडलेल्या एका वसतिगृहातलं कपडे धुण्याचं जुनं मशीन घेतलंय, आत पाणी उकळणारं. मागच्या गॅलरीत बसवलं. बसवलं अर्थात माझ्या नवऱ्यानंच. तो गोदामात सुट्या भागांचा हिशेब ठेवतो, पण आमच्या इमारतीत त्याला सगळे ‘इंजिनिअर’ म्हणतात. कुणाचा पंखा कुरकुरला की दारात हजर, “इंजिनिअर आहेत का घरी?” त्या हाकेनं त्याची मान अजूनही दोन बोटं वर जाते. मला ते बघायला आवडतं.

एकच अडचण झाली. मशीन पाणी तापवायला लागलं की बोर्डातलं एक बटण खट्कन खाली पडतं आणि घरभर लाइट जाते. तीनदा झालं. मी रडायच्या बेतात होते. म्हटलं, “काहीही कर, पण बुधवारी मला चाळीस गाउन द्यायचेत.”

“काहीही?”

“काहीही.”

११ फेब्रुवारी, बुधवार

झालं! मशीन न अडखळता चाललं. प्लगमधली एक वायर उगाचच होती म्हणे, ती काढून टाकली. एवढंच. मी म्हटलं, एवढी वर्षं लोक ती उगाच लावतात? तो म्हणाला, “कंपन्यांना वायर खपवायची असते.”

चाळीस गाउन गेले. नर्स म्हणाली, कडक इस्त्री आहे हो! परत येताना मी जिन्यात एकटीच हसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घरात नवीन विनोद निघालाय. आईंनी मशीनला हात लावला की लाइट जाते. मी दिवसभर वापरते, मला काही नाही. आई (माझ्या सासूबाई, सत्तरीच्या आहेत, पण हाताला उसंत नाही) गॅलरी पुसता पुसता मशीनला हात लावतात आणि खट्! घर बंद. आज तिसऱ्यांदा.

“वीज कंपनीला कळवायला हवं,” तो म्हणाला. “आई चालू झाली की बाकी सगळं बंद पडतं.”

आईसुद्धा हसल्या. मग उजव्या हाताची बोटं चोळत म्हणाल्या, “हसा तुम्ही. पण मला ते चावतं रे.”

“मशीन चावत नाही, आई.”

“मग मुंग्या का येतात कोपरापर्यंत?”

जेवण झाल्यावर तो बराच वेळ गॅलरीत होता. मी विचारलं तर म्हणाला, मशीन छान आहे. उद्या आईसाठी नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतो.

किती मनावर घेतो तो आईचं. माझ्या भावांनी कधी घेतलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी सुया टोचून बघितलं, हातोडीनं ठोकलं, वयाच्या मानानं नसा ठीक आहेत म्हणाले. तरी मुंग्या येतात म्हणताय तर गोळी देतो. रोज सकाळी एक, न्याहारीनंतर. त्यानं झोप येईल. देण्याचं काम माझ्याकडे.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, “माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटं, मग हात. शेवटी दोन वर्षं तिला घास मी भरवला.”

मी म्हटलं, असं काही होत नाही, गोळीनं बरं वाटेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. लहान मुलाला थाप मारली की ते बघतं तसं.

६ मार्च, शुक्रवार

लाइट जायची कायमची थांबली. गेल्या रविवारी तो स्टुलावर चढून बोर्डात काहीतरी करत होता. मी विचारलं, त्या बटणाचा रुसवा काढलास का? म्हणाला, “ते आता नुसतं खुर्चीवर बसलंय. कामं त्याला न विचारता होतात.” मी पोट धरून हसले. अगदी त्याच्या साहेबांसारखं!

आणि आज त्यानं चपला आणल्या. पिवळ्या, जाड रबरी. एक जोड त्याला, एक मला. “गॅलरीत नेहमी घालत जा. फरशी ओली असते, घसरशील.” लग्नाला वीस वर्षं झाली, कधी पावलाचं माप विचारलं नव्हतं त्यानं. बरोबर मापाच्या आणल्या. माझी जुनी चप्पल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून नेली होती म्हणे. मी दिवसभर त्या घालून बदकासारखी फिरले.

आईंसाठी आणल्या नाहीत. त्या घरात चप्पल घालतच नाहीत.

आईंचं मात्र काही खरं नाही. मशीनची बटणं त्या आता लाकडी चमच्यानं दाबतात. आणि जवळ एक लाकडी स्टूल ठेवलंय, त्यावर पाय वर घेऊन बसतात, समुद्रात होडीत बसल्यासारख्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “असं केलं की ते माझ्याकडे लक्ष देत नाही.” हे हातांपुरतंच राहिलेलं नाही की काय? त्याला सांगितलं. तो पेपर वाचत होता. “वय झालंय तिचं,” म्हणाला. पान उलटलं नाही बराच वेळ.

१३ मार्च, शुक्रवार

आईंनी आज शिवणाचा डबा मला दिला. सगळा, त्यांच्या आवडीच्या कात्रीसकट. “हात चालताहेत तोवर देते.” मग म्हणाल्या, महिनाअखेरीस लेकीकडे राहायला जाईन. कायमची. तिचं घर तळमजल्यावर आहे, उद्या अंथरुणाला खिळले तर उचलायला सोपं. आणि तुझं काम आत्ता कुठे उभं राहतंय.

मी नको नको म्हटलं. पण खरं लिहायचं तर, हलकं वाटलं. ते लिहिताना लाज वाटतेय.

१८ मार्च, बुधवार

डाव्या हातानं लिहितेय. उद्या.

२० मार्च, शुक्रवार

उजवा हात बांधलेला आहे. अक्षर वाकडं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बुधवारी सकाळी तो कामाला गेला होता. चपला घासून खिडकीत वाळत ठेवल्या होत्या. पाय ओले, हात ओले. बादली भरायला डाव्या हातानं नळ उघडला, तो हात तिथेच, आणि उजव्या हातानं मशीनचं दार उघडायला गेले.

धक्का बसतो म्हणतात, पण मला कुणी ढकललं नाही. धरलं. आतून. उजव्या हाताची मूठ आपोआप मशीनच्या कडीवर वळली आणि मी तिला उघड म्हटलं तर ती उघडेना. माझाच हात माझं ऐकत नव्हता. ओरडायला गेले तर जबडा मिटलेला. छातीत कुणीतरी जाड चादर पिळत होतं. नळाचं पाणी पडताना दिसत होतं, बादली भरून वाहताना दिसत होती, आणि मनात काय आलं, तर गाउन भिजतील.

मग आईंचा आवाज: “हात लावणार नाही मी तुला! थांब!” आणि दंडावर लाकडी स्टुलाचा घाव. एक, दोन. दुसऱ्या घावाला मूठ सुटली. मी भिंतीवर जाऊन पडले. आईंनी आधी जाऊन मेन स्विच बंद केला आणि मगच माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “लागलं का गं? फार जोरात मारलं का?”

समोरच्या घरातल्या शिक्षिका मला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. छातीला तारा लावून हृदयाचे ठोके बघितले, एक रात्र ठेवून घेतलं. ठोके नीट आहेत. तळहातावर भाजल्याचा पांढरा डाग आहे, चण्याएवढा. दंड मात्र काळानिळा. स्टुलानं विजेपेक्षा जास्त मारलं, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही. पायथ्याशी बसून माझे पाय चोळत होता, दोन्ही हातांनी.

२१ मार्च, शनिवार

परवा हॉस्पिटलातून निघताना डॉक्टर नीट समजावत होत्या. वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून नळाकडे गेली, म्हणजे वाटेत छाती आली. ओली कातडी तिला दार उघडं ठेवते. स्नायू आखडतात, म्हणून हात सुटत नाही. आणखी काही क्षण गेले असते तर ठोके बिघडले असते. “तुमच्या सासूबाईंनी हातानं ओढलं असतं तर त्याही चिकटल्या असत्या. त्यांना कुणी शिकवलं हे? कोरडं लाकूड?”

मी म्हटलं, त्या मशीनपाशी स्टुलावरच बसतात. चमच्यानं बटणं दाबतात.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कधीपासून?”

मला उत्तर माहीत होतं. डायरीत आहे. आणि ते देताना मला आईंचं ‘मला ते चावतं रे’ आठवलं.

२३ मार्च, सोमवार

तो म्हणाला, मीच बघतो बोर्ड. मी म्हटलं, नको. वीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

शिक्षिकांनी त्यांच्या शाळेचं काम करणाऱ्या वायरमनला पाठवलं. ती बाई निघाली, माझ्याच वयाची, कमरेला पट्टा. “वायरमनच म्हणा,” दारातच म्हणाली. “वायरमनबाई म्हटलं की लोक आधी माझ्याकडे नवऱ्याचा नंबर मागतात.”

तो कामाला गेला होता. आई शिक्षिकांकडे होत्या. तिनं आधी प्लग उघडला. “तिसरी वायर कुणी कापली?” मग बोर्ड उघडला.

“इकडे या,” म्हणाली. “हे बटण बघताय? घरात गेलेली वीज सगळी परत आली का, एवढंच हे बघतं. थोडी जरी भलतीकडे गेली, की हे डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतं. कुणीतरी याच्या बाजूनं वायर वळवून नेलीय. आता हे नुसतंच बसलंय.”

खुर्चीवर. मी पोट धरून हसले होते.

“आणि ती कापलेली वायर?”

“मशीनच्या आतून वीज अंगावर उतरत होती, ती त्या वायरनं जमिनीत जायची. म्हणून बटण पडायचं. ते ओरडून सांगत होतं, मशीन बिघडलंय. वायर कापली, मग मशीनचं अंग जिवंत झालं. कुणी अनवाणी उभं राहून हात लावला की वीज त्याच्यातून जाणार.”

“आमच्या सासूबाईंनी हात लावला की लाइट जायची,” मी म्हटलं. “आम्हाला गंमत वाटायची.”

ती वळली. “त्यांच्यातून वीज जायची म्हणून जायची, ताई. दर वेळी बटणानं वाचवलं त्यांना. किती वेळा झालं?”

मी कॅलेंडर बघितलं. लाइट गेली की मी गाउनांच्या आकड्याशेजारी फुली मारत होते, काम खोळंबलं म्हणून. वायर कापल्यानंतरच्या सहा फुल्या. सहाही आईंच्या, अनवाणी पायांच्या; माझ्या पायांत तेव्हाही चप्पल असायची.

ती गेल्यावर मी गोळ्यांच्या पट्ट्या काढून बघितल्या. रोज सकाळी माझ्या हातानं, वर पाण्याचा पेला. तेवीस रिकाम्या खोबण्या.

२४ मार्च, मंगळवार

आज दुपारी तो लवकर आला. बोर्डातलं नवीन बटण त्यानं बघितलं आणि पलंगाच्या कडेवर बसला.

“टेस्टर लावला होतास?” मी विचारलं.

“कधी?”

“आईंनी चावतं म्हटलं त्या दिवशी.”

“लावला होता.”

“पेटला?”

“मंद.”

“मंद म्हणजे?”

“म्हणजे… पेटला.”

“आणि दुसऱ्या दिवशी तू नसांच्या डॉक्टरांना फोन केलास.”

तो म्हणाला, मला वाटलं रविवारी वेळ काढून बघीन. मग तुझी मोठी ऑर्डर आली. मग वाटलं, सगळे व्यवस्थित वापरताहेत. मग आई हात लावायची आणि सारखी लाइट जायची, तुझं काम थांबायचं. इतकं होईल असं नव्हतं वाटलं.

“किती होईल असं वाटलं होतं?”

तो पलंगाची चादर सरळ करू लागला.

“चपला का आणल्यास?”

“तुझ्या काळजीनं! दुसरं काय?” आता त्याचा आवाज चढला. “सांगितलं असतं तर तू मशीन बंद केलं असतंस. मग कुणीतरी मेकॅनिक येणार, बोर्ड उघडणार, इमारतभर सांगत फिरणार की इंजिनिअरनं काय करून ठेवलंय. आणि तूच म्हणाली होतीस, काहीही कर.”

म्हणाले होते. पहिल्या पानावर आहे, माझ्याच अक्षरात. मी ते पान फाडणार नाही.

पण कागदावर चप्पल ठेवून पेन्सिल फिरवत होता तेव्हा, टाच, चवडा, अंगठा, एवढा वेळ त्याच्या डोक्यात काय होतं? माझं पाऊल जमिनीला टेकलं तर काय होईल, हेच ना? चपलांऐवजी एक वाक्य आणलं असतं तर पुरलं असतं. ते तर फुकट होतं, आणि मापही लागत नव्हतं. आणि आईंना ना चपला, ना वाक्य. आईंना गोळी.

“रविवारी त्या जाणार आहेत,” मी म्हटलं. “हात निकामी होताहेत असं समजून. त्याच्या आत तू सांग. तू. मी नाही.”

“आता कशाला? बरी आहे की ती.”

“त्या आधीही बऱ्याच होत्या.”

२६ मार्च, गुरुवार

नाही सांगितलं. आईंसाठी फळं आणली. मोठी, महागडी.

गोळी मी मंगळवारपासून बंद केली. आईंना म्हटलं, संपली. म्हणजे मीही खोटंच बोलले.

२८ मार्च, शनिवार

नाही सांगितलं. आईंनी बॅग भरली. लाकडी चमचा रुमालात गुंडाळून वर ठेवला.

२९ मार्च, रविवार

सकाळी दहाची गाडी होती. तो बॅग घेऊन दारापर्यंत गेला. मी दारात आडवी उभी राहिले. एवढंच केलं. त्याच्याकडे बघितलं.

“आई,” तो बॅगेकडे बघत म्हणाला, “त्या मशीनमध्ये ना, थोडा बिघाड होता.”

थोडा. मला वाटलं होतं, त्या बुधवारी बसायचा तेवढा धक्का बसून गेला.

मी आईंचा हात धरला, बोर्डापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. तिसरी वायर, टेस्टर, बाजूनं वळवलेली वायर. चपला कशासाठी होत्या ते. आणि मग गोळ्या, माझ्या हातच्या. “तुमच्या हातांना काही झालेलं नाही, आई. कधीच झालं नव्हतं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला पाणी देत होते.”

आई बराच वेळ स्वतःची बोटं बघत होत्या. पालथी, उताणी. मग त्याला म्हणाल्या, अगदी हळू, “मला वाटायचं, मशीन चावतंय हे तर खरंच. पण माझा मुलगा बघून आलाय, तो म्हणतोय चावत नाही. यंत्राला खोटं बोलता येत नाही, आणि तू बोलणार नाहीस. मग उरलं कोण? मीच ना.”

“आई, मी…”

“रोज पहाटे मी डोळे मिटून बोटं मोजायची. दहा भरली की उठायची.”

तो रडायला लागला. मी कधी त्याला तसं बघितलं नव्हतं. जवळ जावंसं वाटलं, सवयीनं. गेले नाही.

आईंनी बोर्डाकडे बोट केलं. “हे छोटं बटण कसलं?”

वायरमननं दाखवलं होतं. मोठं बटण काम करतंय ना, हे तपासायचं. महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाइट गेली तर सगळं ठीक.

“मी दाबू?”

त्यांनी तर्जनी लावली. खट्. पंखा गरगरत मंद झाला, फ्रिज एक उसासा टाकून गप्प. महिन्याभरापूर्वी याच आवाजाला आम्ही हसायचो. आज घरात फक्त खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

तो पुढे झाला, बटण वर करायला. हात तसा आपोआपच गेला असेल त्याचा.

“राहू दे,” आई म्हणाल्या. “मी पाडलंय. मीच उचलीन.” आणि उचललं. पंखा फिरायला लागला.

मी बॅग आत घेऊ लागले तर म्हणाल्या, “अगं, कुठे नेतेस? गाडी चुकेल.”

“पण आता कशाला जाताय?”

“आजारी म्हणून जात होते. आता रागावून जातेय.” पदर खोचला, बॅग स्वतः उचलली, उजव्या हातानं. “रागावता येतं मला अजून. आणि शिवणाचा डबा आण माझा. कात्री आहे ना आत?”

मी त्यांना गाडीत बसवून आले. खिडकीतून त्यांनी माझा दंड बघितला, पिवळा पडत आलेला. “दुखतो?”

“थोडा.”

“थोडा म्हणू नकोस,” म्हणाल्या. “दुखतो म्हण.”

घरी आले तेव्हा तो गॅलरीत उकिडवा बसून मशीनचं मागचं झाकण उघडायच्या तयारीत होता. पायांत पिवळ्या चपला. प्लग काढलाय, म्हणाला, बघ, काढलाय. मी म्हटलं, उद्या ते वायरमन घेऊन जाणार आहे, हात लावू नकोस. गाउन चार दिवस उशिरा येतील असं नर्सला कळवलंय.

“बरं,” म्हणाला. मग, “ते छोटं बटण. दर महिन्याला मी दाबत जाईन. लक्षात ठेवीन.”

त्याला काहीतरी करायला हवं होतं. एवढं मागत होता. मी कॅलेंडर काढून प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेवर फुली मारली, डिसेंबरपर्यंत, आणि पेन माझ्याजवळच ठेवलं.